मागच्या सीटवरचा बेल्ट आणि गावाकडची पोरं

गावातल्या कुठल्याही चारचाकीचं मागचं दार उघडा आणि सीटबेल्टचं बक्कल शोधा. बऱ्याचदा ते सापडणारच नाही. पट्टा दिसेल, कारण तो वर खांबाला लटकलेला असतो. बक्कल मात्र रेक्झिनच्या नव्या सीटकव्हरखाली गडप झालेलं असतं. गाडी घरी आली, पूजा झाली, त्याच आठवड्यात कव्हर चढवलं. कव्हरवाल्याने बक्कल बाहेर काढायला चिरा पाडल्या नाहीत आणि त्याला कुणी विचारलंही नाही. पुढचे दोन बेल्ट तेवढे चालू राहतात, कारण हायवेवरचा पोलीस पुढच्या काचेतून बघतो. आणि मागे बसतं कोण? आजी, आई, आणि अकरावी-बारावीतली पोरं.

ग्रामीण भागातल्या मुलांनी सीटबेल्ट लावावा म्हणून जे काही चालतं, त्यात या बक्कलाचा विचार क्वचितच होतो. रस्ता सुरक्षा सप्ताहात शाळेत भाषण होतं, चित्रकला स्पर्धा होते, अपघाताचे भीषण फोटो दाखवले जातात. सगळा भर मुलाच्या डोक्यात काहीतरी भरण्यावर. माझं मत असं की बेल्ट चांगला असतो हे सोळा वर्षांच्या पोराला माहीत असतंच. घोडं अडतं ते दुसरीकडेच: बक्कल हाताला लागतं का, गाडीतले बाकीचे काय करतात, आणि चालवणारा चावी फिरवण्याआधी तोंड उघडतो का.

पण बेल्ट नेमकं काय करतो, ते आधी बघू. 'सुरक्षेसाठी असतो' यापलीकडे ते फारसं कुणी सांगत नाही.

गाडी ताशी ६० किलोमीटरने चाललीय, म्हणजे आत बसलेला प्रत्येक जण त्याच वेगाने चाललाय. सेकंदाला जवळपास १७ मीटर. गाडी झाडावर आदळून थांबते, पण आतला माणूस तिच्याबरोबर थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जात राहतो, कशावर तरी आपटेपर्यंत. हा वेग किती, याचा अंदाज घ्यायचा तर कोरड्या विहिरीत पडण्याचा हिशेब करा. १४ मीटर, म्हणजे साधारण ४५ फूट खोल विहिरीच्या काठावरून खाली पडलं की तळाशी पोचताना नेमका ताशी ६० चा वेग असतो. ताशी ८० साठी विहीर ८० फुटांपेक्षा खोल लागते. विहिरीत पडताना 'मी हात टेकून स्वतःला सावरीन' असं कुणी म्हणणार नाही. गाडीत मात्र सर्रास म्हणतात.

एका धडकेत खरं तर तीन धडका असतात. पहिली गाडीची झाडाशी. दुसरी माणसाची डॅशबोर्डशी, काचेशी किंवा पुढच्या सीटशी. तिसरी शरीराच्या आत: मेंदू कवटीवर आपटतो, यकृत आणि हृदयापासून निघणारी मोठी रक्तवाहिनी जागच्या जागी ताणली किंवा फाटली जाते. बाहेरून ओरखडाही नसलेला माणूस दवाखान्यात जाईपर्यंत दगावतो, तो या तिसऱ्या धडकेमुळे.

आता आकडेमोड. ५० किलो वजनाचा मुलगा, वेग ६०. बेल्ट असेल तर तो गाडीशी बांधलेला असतो. गाडीचं नाक चेपत जातं, बेल्टही किंचित ताणला जातो, आणि त्याला थांबायला साधारण अर्धा-पाऊण मीटर अंतर मिळतं. तेवढ्यात त्याच्या अंगावर येणारा जोर सरासरी सव्वा टनाच्या आसपास असतो. हा जोरही कमी नाही, बरगडी मोडू शकते. पण बेल्ट नसेल आणि डोकं किंवा छाती कडक भागावर आपटून दहा सेंटिमीटरांत थांबली, तर तोच जोर सात टनांच्या घरात जातो. बेल्ट धडक टाळत नाही. तो थांबायला अंतर मिळवून देतो, आणि उरलेला जोर शरीराच्या मजबूत हाडांवर वाटून टाकतो.

हे हाडांचं काम व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोहलिन या स्वीडिश अभियंत्याने जमवलं. तो आधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करत असे. १९५९ साली त्याचा तीन टोकांचा बेल्ट गाड्यांत आला: एक पट्टा खांद्यावरून छातीवर तिरका, दुसरा मांड्यांच्या वर आडवा, आणि दोन्हींसाठी कमरेजवळ एकच बक्कल. व्होल्वोने त्याचं पेटंट सगळ्या कंपन्यांना खुलं केलं. आज तुमच्या गाडीत आहे तो तोच. तेव्हा आडवा पट्टा पोटावर नको, खाली कमरेच्या हाडांवर हवा. तिरका पट्टा गळ्याला घासत नको आणि काखेतूनही नको, खांद्याच्या मधोमध हवा. टोचतो म्हणून तिरका पट्टा पाठीमागे टाकायची सवय पोरांत फार आहे. तसं केलं की वरचं अंग मोकळं राहतं आणि धडकेत सगळा भार पोटावर येतो. उंची साधारण १४५ सेंटिमीटर होईपर्यंत मोठ्यांचा बेल्ट नीट बसत नाही. लहान चणीच्या मुलाला खाली बूस्टर सीट लागते.

'बेल्टमुळे जखडल्यासारखं होतं' ही तक्रारही नेहमीची. पट्टा एका रिळावर गुंडाळलेला असतो आणि हळू ओढला की हवा तेवढा मोकळा होतो. झटका बसला, किंवा गाडीचा वेग एकदम तुटला, की रीळ जागेवर अडकतं. उभ्या गाडीत पट्टा जोरात हिसडा मारून बघा. अडकला तर रीळ ठीक आहे. जुन्या गाडीत नाही अडकला, तर तो बेल्ट नुसता शोभेचा असू शकतो.

आणि एअरबॅग? नवी गाडी घेतलेल्या घरात 'आपल्या गाडीला सहा एअरबॅग आहेत' हे अभिमानाने सांगितलं जातं आणि तिथेच बेल्टचा विषय संपतो. एअरबॅग बेल्ट लावलेल्या माणसाला आणखी आधार द्यायला बनवलेली आहे. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. बेल्ट नसेल तर ब्रेक लागताच माणूस पुढे सरकलेला असतो आणि फुगत्या पिशवीवर तोंड घेऊन आदळतो.

मागच्या सीटचं प्रकरण वेगळं, आणि आपल्या विषयाचा गाभा तोच. मागे बसलं की समोर मऊ सीट असते, काच लांब असते, त्यामुळे सुरक्षित वाटतं. महाराष्ट्राने याची किंमत डोळ्यांनी पाहिली आहे. ३ जून २०१४ ला दिल्लीत विमानतळाकडे जाताना गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीने धडक दिली. ते मागच्या सीटवर होते. त्यांनी बेल्ट लावला असता तर कदाचित वाचले असते, असं तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी महागातली आणि सुरक्षिततेसाठी नावाजलेली. पुढचे दोघे जबर जखमी झाले पण वाचले. मागचे दोघे गेले, आणि त्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता.

बेल्ट न लावलेला मागचा माणूस एकटा मरत नाही, हे आणखी वाईट. तो पुढच्या सीटवर जाऊन आदळतो. जपानमधल्या अपघातांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २००२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. पुढच्या माणसाने बेल्ट लावलाय पण त्याच्या मागच्याने नाही, अशा वेळी पुढच्याच्या मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो, असं त्यात दिसलं. पोराला समजवायचं असेल तर मी हेच सांगेन. 'तुला लागेल' या वाक्याचा सोळाव्या वर्षी काही परिणाम होत नाही, त्या वयात स्वतःला काही होणार नाही याची पक्की खात्री असते. 'पुढे आई बसलीय, तू तिच्यावर जाऊन पडशील' हे मात्र पोचतं.

केंद्र सरकारच्या रस्ते अपघात अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत दगावली. त्यातले सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले. देशभरातल्या एकूण मृतांत सीटबेल्ट न लावलेले १६,७१५ होते, त्यात ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी, म्हणजे जवळजवळ निम्मे निम्मे. शहरात गाडी सिग्नलला अडखळते. गावाबाहेरच्या रस्त्यावर दुभाजक नसतो, दिवे नसतात, कडेला वडाची-चिंचेची जाड झाडं, हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या, आणि रस्ता नुकताच डांबरी झालेला असतो म्हणून वेग वाढलेला. त्यावर दवाखाना लांब. १०८ ची रुग्णवाहिका यायला आणि तालुक्याला पोचायला जो वेळ जातो, तो बेल्ट भरून काढत नाही. पण तेवढा वेळ तग धरता येईल अशा अवस्थेत तो माणसाला ठेवू शकतो. 'जवळच तर जायचंय' हे कारण म्हणूनच गावात शहरापेक्षाही कमी टिकतं.

गाडी पाण्यात पडली किंवा पेटली तर बेल्टमुळे अडकू, ही भीती लोक मनापासून सांगतात. असे अपघात एकूण अपघातांत फार थोडे. आणि त्यातही बाहेर पडायला शुद्ध लागते. बेल्ट नसलेला माणूस धडकेतच बेशुद्ध झाला तर दार कोण उघडणार?

आता पोरांकडे येऊ. एकटा मुलगा काकाच्या गाडीत बसला तर सांगितल्यावर बेल्ट लावतो. तोच चार मित्रांबरोबर बसला की लावत नाही, आणि एखाद्याने लावलाच तर 'काय रे, विमानात बसलायस का?' असं होतं. हे गावाकडचं खूळ नाही. अमेरिकेत टेंपल विद्यापीठातल्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली गाडी चालवण्याच्या संगणकी खेळावर प्रयोग केला. १३ ते १६ वयाची मुलं, कॉलेजवयीन तरुण आणि प्रौढ, काही एकटे खेळले, काही बरोबरीच्यांसमोर. बरोबरीचे बघत असताना किशोरवयीन मुलांनी घेतलेला धोका खूपच वाढला. प्रौढांवर बघ्यांचा असा परिणाम दिसला नाही. पोरगं एकटं असताना दिलेली शिकवण टोळक्यात का टिकत नाही, याचं उत्तर इथे आहे. आणि उपायही इथेच असावा, कारण मित्रांच्या नजरेची ताकद दोन्ही दिशांना चालते.

ती ताकद सरळ वापरायचा प्रयत्न कॅन्ससमध्ये झाला. अमेरिकेच्या मधोमध असलेलं हे शेतीप्रधान राज्य. गव्हाची लांबच लांब शेतं, खडीचे रस्ते, घरोघर पिकअप. शेतकऱ्याच्या मुलाला तिथे १४ व्या वर्षी शेतीकामासाठी गाडी चालवायचा परवाना मिळू शकतो. तिथल्या आग्नेय कोपऱ्यातल्या क्रॉफर्ड काउंटीत २००९ च्या सुमारास काही हायस्कुलांनी 'सेफ' नावाचा उपक्रम सुरू केला आणि पुढे तो राज्यभरातल्या शाळांत गेला. मला त्याची रचना आवडते, कारण तीत मोठी माणसं मागे उभी असतात आणि काम मुलं करतात. वर्षाच्या सुरुवातीला विद्यार्थीच शाळेच्या आवारात येणाऱ्या गाड्यांत बेल्ट किती जणांनी लावलाय ते मोजतात. मग बेल्ट लावू असं लिहून देणाऱ्यांची दर महिन्याला सोडत निघते आणि छोटं बक्षीस मिळतं. वर्षाच्या शेवटी पुन्हा मोजणी. मधल्या काळात पोलीस आधी सांगून शाळेजवळ तपासणी करतात. १४ ते १७ वयाच्या मुलाने कुठल्याही सीटवर बेल्ट लावला नाही तर तिथे ६० डॉलर दंड आहे. म्हणजे दंडाची धमकी अचानक कोसळत नाही, तारीख सांगून येते, आणि त्याआधी शाळेत त्याचीच चर्चा चालू असते.

यातली मोजणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, बक्षिसापेक्षाही. 'कुणीच लावत नाही' अशी प्रत्येकाची समजूत असते, म्हणून कुणीच लावत नाही. फळ्यावर आकडा लिहिला की दोन गोष्टी कळतात: लावणारे आपण समजतो त्यापेक्षा जास्त आहेत, किंवा खरंच फार कमी आहेत आणि पुढच्या महिन्यात तो आकडा हलवता येईल.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३८ व्या नियमानुसार चालक, त्याच्या शेजारचा आणि पुढे तोंड करून असलेल्या मागच्या सीटवरचे सगळे, यांना बेल्ट सक्तीचा आहे. मागच्या सीटची सक्ती नवी नाही, ती मिस्त्रींच्या अपघातानंतर फक्त सगळ्यांना आठवली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं: बेल्ट नसल्यास १,००० रुपये दंड, आणि १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांची खास सीट न लावता नेलं तरी जबाबदारी चालवणाऱ्यावर. त्याच दुरुस्तीतलं कलम १९९ अ गावातल्या प्रत्येक बापाने वाचावं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द, आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही. 'आमचा बाळ्या पंधराव्या वर्षीच पिकअप चालवतो' हे कौतुक एवढं महाग पडू शकतं.

बेल्ट न लावता गाडीचा बीप बंद करायला बक्कलात खुपसायची रिकामी क्लिपही मिळायची, शे-दोनशे रुपयांत, घरपोच. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना ती विक्रीतून काढायला लावली. घरात अजून एखादी असेल तर फेकून द्या.

इथे एक गोष्ट झाकून चालणार नाही. गावाकडची बरीच मुलं कॉलेजला वडापने जातात, कुठे काळी-पिवळीने. नऊ जणांच्या जीपमध्ये पंधरा, दोघं मागच्या फळीवर लोंबकळत. समोरासमोरच्या आडव्या बाकड्यांना बेल्टच नसतो, आणि असता तरी एका पट्ट्यात तिघं कसे बसणार? पिकअपच्या हौद्यात उभं राहून लग्नाला जाणाऱ्यांना बेल्टचं व्याख्यान देणं हा तर निव्वळ विनोद. तिथे मागणी एसटीच्या वेळेवर येणाऱ्या गाडीची करायला हवी. २०२२ च्याच अहवालात मृतांपैकी जवळपास ४४ टक्के दुचाकीवरचे होते, त्यांचा प्रश्न हेल्मेटचा. ट्रॅक्टरचं तर उलटच आहे. डोक्यावर मजबूत संरक्षक चौकट असेल तरच त्यावर बेल्ट लावायचा, कारण चौकट नसलेला ट्रॅक्टर उलटला तर बांधलेला माणूस त्याच्याखाली जातो.

पण घरची गाडी, मामाची गाडी, मित्राच्या भावाची गाडी, लग्नसराईत वऱ्हाडासाठी भाड्याने घेतलेल्या गाड्या, यात बेल्ट आहेत आणि पोरं मागे बसतात. तिथे काम होण्यासारखं आहे. सुरुवात कव्हरपासून. बक्कल वर काढायला चिरा पाडायचं काम कुठलाही कव्हरवाला पाच-दहा मिनिटांत करून देतो. नवं कव्हर घेतानाच 'मागची तिन्ही बक्कलं वर ठेव' म्हणून सांगायचं. मग चालवणाऱ्याचं एक वाक्य: 'बेल्ट लागल्याशिवाय गाडी हलणार नाही.' ते मोठ्या आवाजात, हसत म्हटलं तरी चालतं, पण दर वेळी म्हणायचं. याचा खरा फायदा वेगळाच असतो. ज्या पोराला लावायचा होता पण हसतील म्हणून थांबला होता, त्याला कारण मिळतं. 'दादा म्हणतोय ना, लाव बाबा' म्हणून तो मोकळा. भाड्याच्या गाडीला ॲडव्हान्स देताना यजमानाने हीच अट घातली, तर वऱ्हाडातली सगळीच पोरं एका दिवसात आवरतात.

शाळा-कॉलेजात करायचं असेल तर राष्ट्रीय सेवा योजनेची दोन मुलं फाटकाशी उभी करा. पालकसभा किंवा स्नेहसंमेलनाचा दिवस निवडा, तेव्हा चारचाकी येतात. वहीत दोनच रकाने, पुढचे आणि मागचे. गाडीचा नंबर लिहायचा नाही, कुणाचं नाव तर नाहीच, नाहीतर दुसऱ्या दिवशी भांडणं. संध्याकाळी माइकवरून फक्त आकडा सांगायचा: मागे इतके बसले होते, बेल्ट इतक्यांनी लावला होता. पुढची मोजणी होणार हे सांगायचं, तारीख सांगायची नाही. आणि पहिल्याच मोजणीत सरपंचांच्या आणि मुख्याध्यापकांच्या गाडीचे मागचे रकाने रिकामे निघाले, तरी तेही त्याच बेरजेत धरायचे.